जखमेसकट जन्मलेला कागद

कागदाला जखम करायची आहे. कशी कराल?

ब्लेड घ्याल. नाहीतर टाचणी. फार राग आला असेल तर टरकन फाडाल, किंवा उदबत्तीचं पेटतं टोक टेकवून तपकिरी कडांचं भोक पाडाल. शाळेच्या बाकावर बसून वहीच्या पानात कर्कटकाचं टोक खुपसलं नाही असा माणूस आपल्यात विरळाच. कागदाला इजा करणं किती सोपं असतं हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

आता एक जाडसर, पांढरा, खरखरीत कागद डोळ्यांसमोर आणा. त्यावरून एक खोल चीर गेली आहे. चिरेच्या कडा सुजल्यासारख्या वर उचलल्या आहेत. बाजूला दोन-चार खड्डे, कुणीतरी मांसात काही खुपसून बाहेर ओढल्यासारखे. थोडं खाली, सुकलेल्या फोडासारखा एक उंचवटा. बघताना आपलंच अंग आक्रसतं. आणि आता ऐका: या कागदाला पातं शिवलेलं नाही. सुई टोचलेली नाही. ठिणगी लागलेली नाही. त्या खोल चिरेतला एक तंतूसुद्धा कुणी कापलेला नाही.

मग ती चीर आली कुठून?

हे कागद सोमनाथ होर यांचे. बंगालचे शिल्पकार आणि मुद्राचित्रकार. जन्म १९२१, मृत्यू २००६. १९७० च्या दशकात शांतिनिकेतनात त्यांनी या कागदांची एक मालिकाच केली आणि तिला नाव दिलं ‘वूंड्स’. जखमा. एवढंच. कुणाची जखम, कुठली, कधीची, काही सांगितलं नाही. कागदावर शाई नाही, रंग नाही, पेन्सिलीची रेघ नाही. पांढऱ्यावर पांढरं.

शाई नाही तर आपल्याला दिसतं काय? सावली! या चित्रांमधली एकूणएक रेघ सावलीने काढलेली आहे. चित्रकाराने फक्त खड्डे आणि उंचवटे ठेवले; काळं काय आणि पांढरं काय हे उजेडाने ठरवायचं.

शेणाने सारवलेलं अंगण आठवा. सकाळची उन्हं तिरपी येतात तेव्हा सारवणाऱ्या बाईच्या बोटांचा वळसा न् वळसा दिसतो, कुठे हात थांबला, कुठे वळला, कुठे पुन्हा फिरला, सगळं. दुपारी बारा वाजता तेच अंगण गुळगुळीत सपाट होतं. वळसे कुठे गेले? कुठेच नाही. ऊन डोक्यावर आलं, सावल्या नाहीशा झाल्या, आणि डोळ्यांना धरायला काही उरलं नाही. दुर्बिणीतून चंद्र पाहणाऱ्यांनाही हे माहीत असतं. पौर्णिमेचा चंद्र कितीही देखणा असला तरी खड्डे पाहायचे तर अष्टमीच्या आसपासचा चंद्र हवा, कारण तेव्हा सूर्याचा उजेड चंद्रावर आडवा पडतो आणि प्रत्येक विवराची कड काळ्या रेघेने आखली जाते.

होर यांचे कागद नेमके असेच आहेत. उजेड सरळ समोरून टाका, कागद जवळजवळ कोरा. दिवा बाजूला न्या, जखम उघडते. आणखी बाजूला न्या, ती खोल होत जाते. कागद तोच आहे, भिंत तीच आहे, आणि चित्र मात्र दिव्याबरोबर हलतंय. छापलेलं चित्र असं कधी वागतं का?

यात आणखी एक गंमत दडलेली आहे. आपला मेंदू गृहीत धरून चालतो की उजेड वरून येतो. हजारो पिढ्या सूर्य डोक्यावर पाहिल्याची ही सवय. त्यामुळे वरच्या कडेला सावली दिसली की मेंदू म्हणतो ‘खड्डा’, खालच्या कडेला दिसली की म्हणतो ‘उंचवटा’. आता यातल्या एखाद्या कागदाचं, वरून उजेड टाकून काढलेलं छायाचित्र मोबाइलवर उघडा आणि मोबाइल उलटा धरा. खोल चीर एकदम वळ होऊन वर येते! खड्ड्याचं टेंगूळ होतं! छायाचित्रातला एक ठिपकासुद्धा बदललेला नाही. बदललं ते तुमच्या डोक्यातलं गणित. म्हणजे ही जखम निम्मी कागदात आहे आणि निम्मी तुमच्यात.

संग्रहालयांची मात्र अशा कागदापुढे परीक्षा असते. उजेड मोजतात लक्समध्ये. भर दुपारचं ऊन लाखभर लक्स भरतं. कागदावरच्या कलाकृतींना संग्रहालयं सहसा ५० लक्सच्या आसपासच उजेड देतात, कारण उजेड कागद पिवळा करतो, ठिसूळ करतो, आणि हे नुकसान भरून येत नाही. म्हणजे ज्या कलाकृती उजेडावाचून अस्तित्वातच येत नाहीत, त्यांना उजेड चमच्याने मोजून द्यायचा. तो थोडासा उजेड कुठल्या कोनातून सोडायचा, यावर सगळं अवलंबून.

पण एखाद्या माणसाला पांढऱ्या कागदावर नुसती जखम का घडवावीशी वाटते? त्यासाठी चितगावला जायला हवं.

चितगाव, आताच्या बांगलादेशातलं. तिथल्या बरमा नावाच्या गावात होर जन्मले. वडील लवकर गेले. १९४२ मध्ये जपानी विमानांनी चितगावमधल्याच पटियावर बॉम्ब टाकले आणि तरुण सोमनाथने माणसांची चिरफाड झालेली शरीरं पाहिली. लगेच पुढच्या वर्षी बंगालचा दुष्काळ. शेतात पीक अगदीच नव्हतं असं नाही. पण युद्धाची खरेदी, साठेबाजी, भडकलेले भाव आणि सरकारची बेपर्वाई यांनी मिळून वीस ते तीस लाख माणसं मारली असा अंदाज आहे. बावीस वर्षांचा हा मुलगा तेव्हा कम्युनिस्ट पक्षाच्या कामात होता आणि भुकेने मरणाऱ्यांची रेखाटनं करत होता.

त्याला कागद-पेन्सिल घेऊन रस्त्यावर उतरायला शिकवलं चित्रकार चित्तप्रसाद यांनी. हे नाव आपल्या ओळखीचं असायला हवं, कारण चित्तप्रसाद पुढे मुंबईला आले आणि अंधेरीत राहून त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं काढली. पक्षाचं ‘पीपल्स वॉर’ हे साप्ताहिकही त्या काळी मुंबईतूनच निघत असे. बंगालची भूक चित्रांच्या रूपाने इथल्या छापखान्यांपर्यंत पोचत होती. ‘जनयुद्ध’ या पक्षाच्या बंगाली पत्रात होर यांची रेखाटनं छापली जात.

मग १९४६ साली उत्तर बंगालात तेभागा आंदोलन पेटलं. जमीन कसणाऱ्या वाटेकऱ्याला निम्मं पीक मिळायचं. त्याची मागणी होती तीनातले दोन भाग. होर रंगपूर भागात फिरले, शेतकऱ्यांच्या घरी राहिले, रोजनिशी लिहिली आणि सोबत चित्रं काढली. धान कापणारे, सभेला निघालेले, रात्री दिव्याभोवती बसलेले लोक. त्या चित्रांमध्ये चेहरे आहेत, हात आहेत, काठ्या आहेत, धोतराच्या चुण्या आहेत. कुणीही बघून सांगेल की हा शेतकरी, ही त्याची बायको.

आणि पंचवीस वर्षांनी? एकही चेहरा नाही. एकही हात नाही. नुसता पांढरा कागद आणि त्यात चीर.

माणसं गेली कुठे?

हे कोडं सोडवायचं तर होर यांच्या हातात मधल्या काळात कुठली हत्यारं होती हे पाहावं लागेल. हत्यारं हाच शब्द बरोबर आहे. कलकत्त्याच्या सरकारी कला महाविद्यालयात ते मुद्राचित्रण शिकले आणि पुढे १९५८ पासून जवळपास दशकभर दिल्लीच्या कला महाविद्यालयात त्यांनी मुद्राचित्रणाचा विभाग सांभाळला. मुद्राचित्रण म्हणजे ठसा घडवून त्यावरून चित्र छापणं. ऐकायला शांत वाटतं. प्रत्यक्षात काय करतात पाहा.

लाकडावर काम असेल तर पटाशीने लाकूड खरवडून काढायचं. जे खरवडलं ते पांढरं राहतं, उरलेलं काळं छापतं. धातूवर काम असेल तर जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा लेप द्यायचा, सुईने त्यावर ओरखडे काढायचे आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. लेप आहे तिथे ॲसिडचं काही चालत नाही. ओरखडा आहे तिथे ते धातू खात जातं. बारीक बुडबुडे येतात, रेघ खोल होते. जितका वेळ ठेवाल तितकी खोल. मग पत्रा धुवायचा, खाचांमध्ये शाई भरायची, वरची पुसून टाकायची, ओलसर कागद ठेवायचा आणि जड रुळांमधून दाबून काढायचा. ओलाव्याने मऊ झालेला कागद रुळाच्या दाबाने खाचेत शिरतो आणि तळाची शाई उचलून आणतो.

कोरणं, ओरखडणं, जाळणं, दाबणं. वर्षानुवर्षं एक माणूस दुःखाची चित्रं करत होता आणि ती करण्यासाठी रोज लाकडाला आणि धातूला इजा करत होता. कधीतरी त्याच्या लक्षात आलं की विषय आणि कृती एकच आहेत. जखमेचं चित्र काढण्यासाठी धातूला जखम करावी लागतेय. मग मधलं चित्र कशाला हवं? दुष्काळ, दंगली, युद्ध यांच्या खुणा आपल्या जाणिवेवर कोरल्या गेल्या आहेत, असं होर यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. कोरलेल्या! हा शब्द मुद्राचित्रकाराचा आहे.

आणि १९७० चं दशक उजाडलं तेव्हा नव्या खुणांची वाण नव्हती. सीमेपलीकडे १९७१ चं युद्ध आणि निर्वासितांचे लोंढे, व्हिएतनाममधून रोज येणाऱ्या बातम्या, बंगालच्या रस्त्यांवर नक्षलवादी तरुणांचं आणि पोलिसांचं रक्त. होर तोवर शांतिनिकेतनात कलाभवनात शिकवायला आले होते.

आता येतो तो भाग, ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो.

समजा तुम्हाला कागदात खरी खोली हवी आहे. शाई नको, नुसता खड्डा हवा. साधा उपाय म्हणजे तयार कागद ओला करून ठशावर दाबायचा. लग्नपत्रिकेवर बिनरंगाचा उठावदार गणपती असतो ना, तसा. पण तयार कागद ताणून ताणून किती ताणणार? थोड्या खोलीनंतर तो फाटतो. आणि फाटला की ती खरीच इजा झाली, तिच्यावर तुमचा ताबा राहिला नाही.

होर यांनी तयार कागदच बाजूला ठेवला. त्यांनी कागद होण्याआधीचा कागद घेतला. लगदा.

कागदाच्या लगद्याचे गणपती आता गावोगावी होतात. साच्यात लगदा दाबायचा, वाळवायचा, मूर्ती सोडवायची. लगद्याला आकार नसतो, म्हणून तो कुठल्याही आकारात शिरतो. सोंडेच्या टोकापर्यंत जातो. म्हणजे खोलीचा प्रश्न सुटला. आता साचा हवा.

साच्यासाठी होर यांनी मातीची लादी घेतली. कधी मेणही घेतलं. आणि इथे, मातीवर, त्यांनी सगळं काही केलं. सुरीने चिरलं, टोचलं, खरवडलं, तापलेल्या सळईने डागलं. मातीने सगळं निमूट अंगावर घेतलं, चिरेच्या कडा बाजूला सरकून फुगल्या, खरोखरच्या जखमेच्या फुगतात तशा.

मग या मातीवर थेट लगदा का नाही ओतायचा? थोडं थांबून विचार करा, कारण इथेच सगळी युक्ती आहे. मोदकाचा साचा आठवा. साच्यात जी खाच असते ती मोदकावर उभी कळी होऊन येते. साच्यात जिथे रिकामं, तिथे मोदकावर भरलेलं. मातीत चीर आहे. तिच्यावर लगदा थापला तर लगदा चिरेत शिरेल आणि वाळल्यावर कागदावर चीर दिसणार नाही. दिसेल एक वर आलेली कड. जखमेऐवजी वळ. शिवाय ओल्या लगद्याखाली ओली माती टिकणार किती?

म्हणून मधे आणखी एक पायरी. मातीवर सिमेंट ओतायचं. सिमेंट चिरेत शिरतं, घट्ट होतं. माती काढून टाकली की हातात राहतो सिमेंटचा साचा, ज्यात चिरेच्या जागी धारदार कड उभी आहे. डोंगराची रांग असावी तशी. आता या रांगेवर लगदा पसरायचा, हाताने दाबायचा, पाणी निथळू द्यायचं, वाळवायचा आणि सोडवायचा.

कागद उलटून बघितला की कडेच्या जागी पुन्हा चीर!

मातीत खड्डा, सिमेंटमध्ये डोंगर, कागदात खड्डा. दोनदा उलटं होऊन सुलट झालं. जखम मातीला झाली. माती पुन्हा कालवली गेली असेल, तिच्यावर काही राहिलं नाही. सिमेंटला कुणी जखम केली नाही, त्याने फक्त तिचा आकार लक्षात ठेवला. आणि कागद? कागद झाला तेव्हाच जखम तिथे होती. चिरेचा तळ, चिरेच्या भिंती, कडांची सूज, सगळे तंतू तिथेच एकमेकांना भेटले आणि तिथेच घट्ट झाले. या कागदाला जखमेच्या आधीचा एक क्षणही नाही. तो कधी अखंड नव्हता.

मला हे पहिल्यांदा नीट उमगलं तेव्हा दुष्काळात जन्मलेल्या मुलांची आठवण झाली. त्यांना कुणी नंतर भुकेलं केलेलं नसतं.

आता लगद्याचं नवल. सुती चिंध्यांचा किंवा झाडाच्या तंतूंचा लगदा, आणि पाणी. झालं. गोंद नाही, खळ नाही. मग वाळल्यावर तो विस्कटत का नाही? वाळू ओली करून साच्यात भरा, किल्ला होतो; वाळली की ढासळते. लगदा उलट वागतो. ओला असताना बोटाने विस्कटतो, वाळला की कडक होतो. असं का?

तंतू बनलेला असतो सेल्युलोजचा. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. होय, साखर! बटाट्यातला स्टार्चही त्याच साखरेच्या कणांचा. फक्त जोडण्याची तऱ्हा वेगळी, म्हणून बटाटा आपण पचवतो आणि कागद गाईने खावा लागतो. या माळांच्या अंगावर पाण्याला धरून ठेवणारे असंख्य इवले हात असतात. लगदा कुटतात तेव्हा तंतू सैल होतात, त्यांच्या अंगावर बारीक लव सुटते, आणि असे हात आणखी उघडे पडतात. पाण्यात असताना प्रत्येक हात पाण्याला धरून असतो. मग पाणी निघू लागतं. निघता निघता ते शेजारच्या तंतूंना एकमेकांकडे ओढतं. ओल्या केसांच्या बटा चिकटतात ना, तसंच. शेवटचं पाणी उडून जातं तेव्हा तंतू इतके जवळ आलेले असतात की पाण्याला धरलेले हात आता एकमेकांना धरतात. रसायनशास्त्रात याला हायड्रोजन बंध म्हणतात. एक बंध अगदी दुबळा, पण एका पानात ते किती असतात याची मोजदाद करायला बसलात तर शून्यं लिहून थकाल.

म्हणजे कागद चिकटवणारा गोंद म्हणजे पाण्याचं निघून जाणं. उन्हात वाळलेला सुती टॉवेल कडक होतो तेही याच जातीचं कारण. आणि म्हणूनच कागद भिजला की पुन्हा मऊ होतो: पाणी परत आलं, हातांनी एकमेकांना सोडून पुन्हा पाण्याला धरलं.

ही विद्या आपल्या मातीत जुनी आहे. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गावच आहे, नावातच कागद असलेलं. तिथल्या कारागिरांची परंपरा तुघलकाच्या काळाशी जोडली जाते. जुन्नरचा कागद पेशव्यांच्या दफ्तरांत वापरला गेला आणि आजही वाचता येतो. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत गेलात तर टाकीतल्या दुधी पाण्यात चाळणी बुडवून वर काढताना पाणी गळतं आणि जाळीवर पान उरतं, हे तुम्हाला आजही डोळ्यांनी पाहता येईल. पण शतकानुशतकं कागद करणाऱ्या प्रत्येकाची धडपड एकाच गोष्टीसाठी होती: पान सपाट व्हावं. लिहिण्याजोगं, घोटलेलं, गुळगुळीत. एक खड्डा राहिला तरी पान बाद. होर यांनी त्याच तंतूंना, त्याच पाण्याला, नेमकं उलट काम सांगितलं.

आता मघाचा प्रश्न. माणसं गेली कुठे?

लोक अमूर्त चित्रापुढे उभं राहून विचारतात, यात काय आहे? होर यांच्या कागदापुढे हा प्रश्न विचारावाच लागत नाही, आणि मला यातच त्यांची थोरवी वाटते. त्यांनी माणूस पुसून टाकलेला नाही. तेभागाच्या चित्रांत कागद होता, आणि कागदावर माणूस होता. इथे कागदच माणूस झालाय. खरखरीत पृष्ठभाग ही त्वचा, चीर ही चीर. चित्र आणि वस्तू यांच्यातलं अंतर संपलं. शेतकरी दाखवला असता तर ती शेतकऱ्याची जखम राहिली असती. सैनिक दाखवला असता तर सैनिकाची, आणि आपण लगेच विचारलं असतं, कुठल्या बाजूचा? नुसती त्वचा दाखवली की बाजू विचारता येत नाही. माझ्या मते विसाव्या शतकातल्या भारतीय कलेत युद्ध आणि हिंसा यांच्याविषयी इतकं कमी बोलून इतकं सांगणारं दुसरं काम सापडणं अवघड आहे.

आणि रक्त न दाखवण्याचा निर्णय तर विलक्षण आहे. लाल रंग ओतणं किती सोपं होतं! लाल दिसलं की डोळे आधी दचकतात आणि मग सरावतात. पांढऱ्या जखमेला डोळे सरावत नाहीत, कारण ती दिसायलाच वेळ लागतो. आधी कोरा कागद, मग एक सावली, मग कड, मग खोली. पांढरा कोरेपणाचा रंग, आणि आपल्याकडे अंत्ययात्रेचाही.

या कागदांनी होर यांना कुठे नेलं हेही पाहण्यासारखं आहे. मातीची लादी, ओतलेलं सिमेंट, साचा, उलटसुलट आकार. ही सगळी भाषा शिल्पकाराची. मुद्राचित्रकार म्हणून ओळखला जाणारा माणूस कागद करता करता शिल्पशाळेच्या दारात येऊन उभा राहिला होता. १९७४ च्या सुमाराला ते ब्राँझकडे वळले. वय पन्नाशीच्या पुढे. आणि ब्राँझही कसं? मेणाचे पातळ तक्ते घ्यायचे, कापायचे, मुडपायचे, चिरायचे, जोडायचे, त्याभोवती साचा करायचा, आणि आतलं मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतायचा. आपल्याकडच्या मूर्तिकारांची जुनी मेणसाच्याची पद्धत. त्यातून आली हाडकुळी माणसं, शेळ्या, कुत्री. आतून पोकळ, अंगाला भेगा पडलेली, बरगड्यांतून आरपार दिसणारी. मेणाचा तक्ता म्हणजे दुसरं काय? एक पानच ते. ब्राँझच्या त्या माणसांकडे नीट पाहिलं तर दिसतं की जखमांचा कागदच घडी पडून उभा राहिला आहे. माणसं परत आली, पण आता त्या जखमेतून बाहेर आली.

त्यांच्या सगळ्यात मोठ्या शिल्पांपैकी एक होतं आई आणि मूल, व्हिएतनामच्या लोकांच्या सोसण्याला वाहिलेलं. ते पूर्ण झाल्यावर थोड्याच दिवसांत कलाभवनातून चोरीला गेलं. पुन्हा कधी सापडलं नाही. ब्राँझ हजारो वर्षं टिकतं म्हणतात, कागद नाजूक म्हणतात. ते ब्राँझ नाहीसं झालं आणि लगद्याची ती पानं अजून आहेत.

२००७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मभूषण मिळालं. २०२२ साली दिल्लीच्या किरण नाडर कला संग्रहालयाने त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन मांडलं. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातही त्यांचं काम आहे. कागद सतत उजेडात ठेवत नाहीत, अंधारात विश्रांतीला ठेवतात, त्यामुळे जाल त्या दिवशी ही पानं भिंतीवर असतीलच असं नाही. जाण्याआधी चौकशी करा.

आणि असतील तर बरोबर समोर उभे राहू नका. दोन पावलं बाजूला सरका, भिंतीच्या जवळ या आणि कागदाकडे तिरक्या नजरेने पाहा. घाई करू नका. पहिलं मिनिटभर तो कोराच वाटेल.